ओलं माप

तिला सगळी गल्ली सूनबाई म्हणायची. सासरा दिवसातून शंभरदा आतून हाक मारायचा, "सूनबाई, पटाशी कुठाय? सूनबाई, चहा टाकलास का?" आणि घराचं दार कायम उघडं, त्यामुळे ती हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची. हळूहळू भाजीवाला, पोस्टमन, शाळेत जाणारी शेंबडी पोरं, सगळ्यांचीच ती सूनबाई झाली. एकदा बँकेतल्या बाईने काचेपलीकडून "सूनबाई, इथे सही करा" म्हटलं, तेव्हा हसावं की रडावं हे तिला कळेना. एवढ्या लोकांची सून होऊन सासू मात्र एकही नाही, हीच त्यातल्या त्यात सोय.

लग्न होऊन आली तेव्हा रंधा कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. पुढची खोली म्हणजे सुतारकामाचा कारखाना, मधली खोली राहायची आणि मागची अंधारी. घरभर भुसा. जेवताना ताटात भुसा, झोपताना उशीवर भुसा, पहिल्या महिन्यात तिने रोज केस धुतले आणि मग नाद सोडला. नवरा आणि सासरा दारं-खिडक्या करायचे, ती बघायची. पुढे सासऱ्याचे हात थरथरायला लागले आणि नवरा तर राहिलाच नाही, तेव्हा बघून बघून शिकलेलं कामाला आलं. आता तिने बसवलेलं दार एका बोटाने लागायचं. सासरा तिच्या कामावरून तळहात फिरवायचा, काही खोड सापडते का बघायचा, आणि सापडली नाही की रागावून म्हणायचा, "ठीक आहे." याच्यापलीकडे मामंजींचं कौतुक कधी गेलं नाही.

गावात लाटेवर जायचं वेड जुनं होतं. होडी नाही, शीड नाही, नुसती एक लाकडी फळी. बोटाएवढी जाड, पुढे गोल, मागे सरळ कापलेली, उभी केली तर हनुवटीला लागेल इतकी. तिच्यावर पालथं पडायचं, मागून लाट आली की दोन हात मारायचे आणि तिच्यासोबत किनाऱ्यापर्यंत यायचं. बस, एवढंच. पण एवढ्याशासाठी चांगली शहाणीसुरती माणसं सकाळी उठून कुडकुडत पाण्यात शिरायची.

ही फळी विकत मिळत नसे. ती घरीच करायची, मागच्या अंधाऱ्या खोलीत, कारण उन्हात पातळ लाकूड वाकतं. आणि तिचं माप फूटपट्टीने घ्यायचं नाही. ज्याची फळी त्याने समुद्रात बुडी मारायची, अंग न पुसता तसंच घरी यायचं आणि कोऱ्या लाकडावर पालथं पडायचं. उठलं की लाकडावर ओला ठसा उरतो. खांदे, छाती, पोट, मांड्या. जिथे भार जास्त तिथे गडद. सुताराने पेन्सिल घेऊन त्या ठशाभोवती रेघ मारायची, वाळायच्या आत. याला ओलं माप म्हणत. वाळायच्या आत, यातच सगळी मेख होती. कोरडं लाकूड पाणी पिऊन टाकतं, जरा कुठे रेंगाळलात की खांद्याची जागा हरवलीच. आणि एकदा रेघ पडली की फळी त्याची. दुसऱ्याने तिच्यावर झोपायचं नाही, हा कायदा सगळ्यांना पाठ होता.

नवरा या खेळातला वाघ. भर दुपारी, समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत असताना, तो फळी काखोटीला मारून गेला. "तासाभरात येतो, जेवायला थांब," म्हणाला. संध्याकाळी फळीचा पुढचा अर्धा तुकडा किनाऱ्याला लागला. मागचा अर्धा नाही, आणि तोही नाही.

लोक आले, बसले, रडले, गेले. सूनबाई रडली. मामंजी रडले नाहीत. तो तुकडा उलटसुलट करून पाहत ते म्हणाले, "फळीच मोडली. मग तो येणार कसा?" तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा धक्क्यात आहे, निवळेल. पण वर्षं गेली तरी ते निवळले नाहीत. तो गेला, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. रात्री जेवण झालं की विचारायचे, "त्याचं झाकून ठेवलंस ना?" पहिलं वर्षभर ती खरंच झाकून ठेवायची. मग ती नुसतंच "हो" म्हणायला लागली.

शेजारी शिंपीणबाई राहायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने भक्कम, जिभेला धार. मशीनवर बसल्या की अख्ख्या गल्लीची मापं काढायच्या, कपड्यांची आणि माणसांचीही. या शिंपीणबाई नवऱ्याची जुनी पँट गुडघ्यात कापून, ती घालून, रोज सकाळी लाटेवर जायच्या. लोक हसायचे. त्या म्हणायच्या, "हसा, हसा. तुमच्या पँटी माझ्याकडेच येतात शिवायला, लक्षात ठेवा."

त्यांनीच एक दिवस सूनबाईला ओढून नेलं. मागच्या खोलीची समुद्राकडची खिडकी तिने इतकी वर्षं उघडली नव्हती आणि आता थेट पाण्यातच. पण कायदा गुंडाळून ठेवून ती शिंपीणबाईंच्या फळीवर पालथी पडली, मागून लाट आली आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला कोणाचीच सून असल्याचं आठवलं नाही. किनाऱ्याच्या वाळूत तोंड खुपसून ती वेड्यासारखी हसत सुटली. नाकात पाणी, केसात वाळू, आणि हसू काही थांबेना.

"हं," शिंपीणबाई म्हणाल्या, "लागला नाद. आता स्वतःची फळी कर. उसन्या फळीवर जाणं म्हणजे उसन्या ब्लाउजमध्ये मिरवणं. कुठेतरी उसवणारच."

स्वतःची फळी. तिने आयुष्यभर लोकांची दारं केली होती, लोकांचे पलंग केले होते. स्वतःसाठी तिने साधं पाटाएवढं काही कधी केलं नव्हतं. मनातलं मामंजींना सांगायला तिला आठवडा लागला.

मामंजींनी ऐकून घेतलं. मग वाकून त्यांनी आपल्या पलंगाखालून एक रुंद, सलग फळा ओढून काढला. पिवळसर, हलक्या जातीचं लाकूड, एकही गाठ नाही. वर्षानुवर्षं तिथे वाळत पडलं होतं. "इतकं रुंद झाड आता मिळत नाही," ते म्हणाले. "एकच आहे. जपून काप."

तिला भरून आलं. तिने मागच्या खोलीत दोन लाकडी घोडे मांडले, त्यावर फळा ठेवला, हलका रंधा मारून वरची धूळ काढली. उद्या सकाळी समुद्रावर जायचं, ओल्या अंगाने परत यायचं, माप द्यायचं. रेघ मामंजी मारतील. हात थरथरले तरी चालेल, वाकडी आली तरी चालेल, पण त्यांनीच मारावी, असं तिला वाटलं. दार ओढून घेऊन ती झोपली.

सकाळी पेन्सिल कानामागे खोचून, फळा एकदा बघून घ्यावा म्हणून ती मागच्या खोलीत गेली. खोलीत खारट वास होता. फळ्यावर ओला ठसा होता.

आता इथे कोणी म्हणेल, किंचाळायला हवं होतं, पळायला हवं होतं. बरोबर आहे. पण सुताराचा हात डोक्याला विचारत बसत नाही. ठसा कडेने वाळत चालला होता, उजवीकडची मांडी तर फिकी पडायला लागली होती, आणि तिच्या हाताला एवढंच कळलं की वाळायच्या आत. कानामागची पेन्सिल तिने काढली आणि रेघ ओढायला घेतली. मांडीपासून कमर, कमरेवरून बरगड्या, तिथून उजवा खांदा, मान सोडून डावा खांदा. डाव्या खांद्यापाशी रेघ खाली उतरली. उजव्यापेक्षा चांगली दोन बोटं खाली.

लहानपणी झाडावरून पडून नवऱ्याचा डावा खांदा मोडला होता आणि बसवताना खाली बसला होता. त्याचा प्रत्येक शर्ट शिंपीणबाई त्या बाजूने उतरता शिवायच्या. रात्री त्याच खांद्यावर डोकं ठेवून ती झोपायची, कारण तो खांदा जणू तिच्यासाठीच खाली आला होता.

तिच्या हातातली पेन्सिल गळून पडली. पण तोवर रेघ पूर्ण झाली होती.

मागे मामंजी उभे होते. केव्हा आले, कळलं नाही. ते फळ्याजवळ गेले, वाळत चाललेल्या ठशावर त्यांनी तळहात टेकला आणि हात जिभेला लावला. "खारट," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की तिला बघवेना. "माप द्यायला आला होता. मी म्हणत नव्हतो? फळीवाचून अडलं होतं त्याचं."

"मामंजी, खिडकी बंद आहे. दार बंद होतं."

"घरच्या माणसाला दार लागतं का?"

तिने पडलेली पेन्सिल उचलली. स्वतःच्या हाताने रेघ मारून बसली होती. आणि रेघ पडली की फळी त्याची, हे तिनेच ढीगभर लोकांना ऐकवलं होतं.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. मामंजी म्हणत, त्याच्या मापाने काप. ती म्हणे, नाही. शिंपीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "म्हातारा करत असेल. बादलीभर पाणी अंगावर घ्यायचं नि लोळायचं. त्याला मुलगा हवाय, तुझी फळी नकोय."

हे तिला पटलं. पटण्यासारखंच होतं. तिने मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. सकाळी कुलूप जसंच्या तसं, आणि आत फळ्यावर ठसा. रेघेच्या आत अगदी बरोबर बसणारा. मामंजी तर सुकलेल्या शेंगेसारखे बारीक, दोन मामंजी शेजारी शेजारी झोपले तरी ती रेघ भरली नसती. वाळल्यावर ठशाच्या कडेला पांढरी बारीक रेष उमटायची. मिठाची. बोटाने पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिने काम बंद ठेवलं. पुढच्या खोलीत कोणाचं तरी कपाट अर्धवट पडून होतं, तिकडे लक्ष लागेना. रंधा मारता मारता ती जिवाचा कान करून मागचा कानोसा घ्यायची. मागे काहीही नसायचं. ज्या घरात काहीच आवाज नसतो त्या घरात इतकं ऐकू कसं येतं, हे तिला कळत नसे.

एका दुपारी मात्र आवाज आला. पाणी ठिबकण्याचा. कुलूप तिनेच साफसफाईसाठी काढलं होतं. तिने दार ढकललं. फळ्यावर मामंजी पालथे पडले होते, कपड्यांसकट चिंब, शेजारी बादली उलटी पडलेली. गाल लाकडाला टेकलेला, डोळे मिटलेले. भल्यामोठ्या अंथरुणात लहान मूल दिसतं तसे ते त्या रेघेच्या आत दिसत होते.

तिचा संताप उफाळून आला. "म्हणजे तुम्हीच! इतके दिवस मी भीतीने अर्धी झाले आणि तुम्ही..."

मामंजी उठले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. "हे माझं," ते म्हणाले. "दुपारचं माझं. सकाळचं माझं नाही, सूनबाई. मी फक्त बघत होतो. तो झोपतो तिथे झोपून. गार लागतं गं फार. एवढ्या गारठ्यात असतो तो."

तिने त्यांना उठवलं, टॉवेल आणून डोकं पुसलं. फळ्यावर त्यांचा हडकुळा ठसा उरला होता. तो वाळला, आणि मागे काही राहिलं नाही. मीठ नाही, कड नाही. नळाचं पाणी ते. दोघांनी ते पाहिलं.

मग ती खाली भुशातच बसली आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "त्याच्या मापाने फळी केली आणि तो आला, तर पुढे काय, मामंजी? काय होऊन येईल तो? आणि मी काय करू?"

"तू काय करायचंय? तू आहेसच की घरात."

"हो ना. मी आहेच." तिचा आवाज चिरकला. "मी आहे म्हणून माझी वाट कोणी बघत नाही. मी परत येते म्हणून मला कोणी 'आलीस का' असं विचारत नाही. रोज हाका मारता, त्या पटाशीसाठी. मला एक फळी हवी होती. एकच गोष्ट मागितली मी या घरात."

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं. मग ओल्या कपड्यांनी तसेच उठून ते आपल्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती समुद्रावर गेली, बुडी मारली आणि निथळत गल्लीतून परत आली. पाठीमागे ओल्या पावलांची रांग. भाजीवाला बघतच राहिला. "सूनबाई, पडलात की काय पाण्यात?" ती तशीच पुढे गेली. फळ्यावर रात्रीचा ठसा होताच, अजून ओला. त्याच्यावर झोपायचं म्हणजे... तिने दात आवळले आणि झोपली. खालून गारवा आला, हाडापर्यंत. लाकूड किंचित दबलं. गादीवर आधीच कोणी असेल आणि आपल्याला जागा करून द्यायला सरकेल, तसं.

उठून तिने ओल्यावर गडद उमटलेल्या आपल्या ठशाभोवती रेघ मारली. तिचं माप त्याच्या मापाच्या आत बसत होतं, सगळीकडून. मोठ्यातून लहान कापता येतं, लहानातून मोठं कधीच नाही. एकदा तिच्या रेघेने करवत फिरली की त्याची फळी या लाकडातून पुन्हा होणार नव्हती.

मामंजी दारात येऊन बसले. त्यांनी तिला अडवलं नाही. पण प्रत्येक वेळी करवत पुढे गेली की त्यांचे डोळे मिटायचे. डाव्या खांद्याचा तुकडा सुटला तेव्हा कापलेल्या जागेतून पाणी आलं. वर्षानुवर्षं वाळलेलं, टणटणीत कोरडं लाकूड, त्यातून थेंब थेंब पाणी गळून भुशात जिरलं. दोघंही बघत राहिली. मामंजींनी तो तुकडा उचलून मांडीवर घेतला, मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्या मांडीवर मुलाची बाह्यरेखा जमा झाली.

पुढचं काम तिने झपाट्याने उरकलं. रंध्याने पाठ सपाट केली, पोटाकडून किंचित पोकळ घेतली. पुढच्या कडा गोल केल्या, मागच्या धारदार ठेवल्या, कारण मागची कडच पाण्याला धरते, नाहीतर फळी साबणासारखी आडवी निसटते. पॉलिशपेपर मारला, जवसाचं तेल दिलं. तेल सगळीकडे मुरलं, फक्त मधोमध, छातीच्या जागी, ते वरच राहिलं. पुसलं, परत लावलं, परत वरच. मागच्या खोलीत आता सकाळी ठसा नसायचा. तिला वाटलं, सुटले. मामंजींनी मात्र त्या दिवसांत तिला एकदाही हाक मारली नाही. पटाशी हवी असली तरी स्वतः उठून शोधायचे.

फळी तयार झाली. ढगाळ, पण स्वच्छ सकाळ होती. किनाऱ्यावर शिंपीणबाई आधीच आपल्या कापलेल्या पँटीत हजर होत्या. "बाई गं, काय झालीय फळी!" त्या म्हणाल्या. "याला म्हणतात माप. माझ्या दुकानात नोकरीला ये." समुद्र शांत होता. लहान लहान लाटा, शिकणाऱ्यासाठी अगदी योग्य. सूनबाईने मामंजींना येता का विचारलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

कमरेइतक्या पाण्यात जाऊन ती फळीवर पालथी झाली. अजून तिने हात मारला नव्हता, आणि फळी निघाली.

आधी तिला वाटलं, ओढ असेल. पण पाण्याला ओढ नव्हती. बाजूला शिंपीणबाई जागच्या जागी डुलत होत्या. फळी मात्र लाटा कापत, सरळ, घाई न करता, आत चालली होती. जाणत्या माणसाने नेल्यासारखी. तिने हात मागे घेऊन पाणी रेटलं. काही फरक पडला नाही. मग पाठीवर वजन आलं.

हळूच आलं. आधी कमरेवर, मग पाठीवर, मग मानेशी. ते तिच्या ओळखीचं होतं. किती वर्षांनी! कुठे जड, कुठे हलकं, सगळं माहितीचं. मानेवर गार श्वास लागला. आणि खरं सांगायचं तर ती घाबरली नाही. त्याचीच नंतर तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. तिला बरं वाटलं. लांबच्या प्रवासाने दमून घरी आल्यावर कोणी हातातली पिशवी घ्यावी, तसं. तिने गाल फळीला टेकला. झोप येत होती.

"अगं वळ! वळ की! कुठे चाललीस?" शिंपीणबाईंचा आवाज लांबून, बारीक येत होता. लाटा फुटायची रेघ मागे पडली होती. पुढे नुसतं पाणी होतं, राखाडी, सपाट. आपण फळीवर राहिलो नाही तर मरू आणि राहिलो तरी मरू, हे तिला कळत होतं. पण ते कोणा दुसरीबद्दल असल्यासारखं.

मग दुसरा आवाज आला. म्हातारा, फाटका, शीर ताणून काढलेला. तिने कशीबशी मान वळवली. मामंजी पाण्यात होते. सदरा-पायजम्यासकट, छातीइतक्या पाण्यात, दोन्ही हात वर. लाट येत होती, त्यांच्या तोंडावरून जात होती, ते खोकत होते आणि पुन्हा ओरडत होते. मुलाला हाक मारत होते. त्याच्या लहानपणच्या नावाने, जे तिने लग्नानंतर एकदाच ऐकलं होतं.

बोलावताहेत, तिला वाटलं. शेवटी बोलावताहेतच त्याला. तिच्या पाठीवरचं वजन हललं, त्या आवाजाकडे वळल्यासारखं.

"सोड तिला!" मामंजी ओरडले. "ऐकतोयस ना? सोड माझ्या पोरीला!" लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. ते पुन्हा वर आले. आता त्यांचा आवाज फुटला होता, रडत होता, इतक्या वर्षांचं एकदम. "तू येऊ नकोस आता. बाळा, तू घरी येऊ नकोस. तिला येऊ दे."

क्षणभर काहीच झालं नाही. समुद्र, ढग, सगळं थांबून राहिलं. मानेवरचा श्वास थांबला. मग कोणीतरी तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला, आणि पाठ हलकी झाली. इतकी हलकी की तिला मोठ्याने रडू आलं.

फळी जागच्या जागी वळली. मागून लाट उठली, त्या सकाळच्या कुठल्याही लाटेपेक्षा मोठी, आणि सूनबाईने हात मारले. कोणी नेत नव्हतं आता. फळी डगमगत होती, निसटू पाहत होती, तिला पाय ताणून, कड पाण्यात रुतवून धरावी लागत होती, आणि नाकातोंडात पाणी जात होतं, आणि ती फळी तिची होती. लाटेने तिला उचललं आणि थेट मामंजींपाशी आणून टाकलं.

शिंपीणबाई पाण्यातून धडपडत येत होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, हे गल्लीत कोणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. सूनबाईने मामंजींचा दंड धरला. ते लटपटत होते, ओठ निळे पडले होते.

"आलीस?" ते म्हणाले.

"आले, मामंजी. चला घरी."

"हो, चल." पण त्यांचे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे, आत, लांबवर कुठेतरी लागले होते, आणि त्यांनी उजवा हात वर करून हळूहळू हलवला. गाडी सुटताना आपण खिडकीतल्या माणसाला हलवतो, तसा. बराच वेळ.

कोणाला, हे बघायला तिने मान वळवली नाही. हात खाली येईपर्यंत ती त्यांना धरून तशीच पाण्यात उभी राहिली.